नवं-जुनं आणि कर्जाची ओहोटी

आमची पाली म्हणजे बल्लाळेश्वराची पाली नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण गावाचे नाव काढले की समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात. ती पाली सरसगडाच्या पायथ्याची, आमची राजगडाच्या. संस्थानी अमलात दोन्ही पाल्या भोरच्या पंतसचिवांच्या मुलखात होत्या. त्यांच्या वाट्याला अष्टविनायक आला, आमच्या वाट्याला गडाचा दरवाजा. राजगडाची सर्वांत ऐसपैस वाट पाली दरवाज्यातून चढते, म्हणून शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्या आमच्या बांधाशी लागतात. तालुक्याला आता राजगड म्हणायचे ठरले आहे, तरी आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. भात, नाचणी, थोडी वरई आणि उरलेला डोंगर, एवढे आमचे अर्थशास्त्र.

त्या अर्थशास्त्रातला एक शब्द मला फार उशिरा समजला. मार्चचे तिसरे आठवडे सुरू झाले की गावात माणसे एकमेकांना विचारतात, ‘नवं-जुनं झालं का?’ सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडले तर सवलत मिळते, आणि फेडले की तेवढेच किंवा थोडे वाढवून पुन्हा मिळते. मार्च महिन्यात भातवाल्याच्या हाती पैसा नसतो. तेव्हा कोणाकडून तरी दोन-तीन दिवसांसाठी शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, पावती घ्यायची, नवे कर्ज मंजूर झाले की ज्याचे त्याला परत करायचे. कागदावर जुने कर्ज संपले आणि नवे सुरू झाले. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या खिशात एक रुपयाही आलेला नसतो, उलट दोन दिवसांचे व्याज गेलेले असते.

मी एकतीस वर्षे एका बँकेच्या कर्जविभागात काढली. तिचे नाव इथे घेत नाही, त्याने काही अडतही नाही. शाखेतून वर जाणाऱ्या तक्त्यात ‘वर्षातील नवीन कर्जवाटप’ असा एक रकाना असे. त्यात नवं-जुनं केलेली खाती मी वर्षानुवर्षे बिनदिक्कत भरत आलो. खोटे असे काही त्यात नव्हते, नियमाने ते नवे कर्जच होते. निवृत्त झाल्यावर, हाताशी वेळ आला म्हणून, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरचा चौकशी आयोगाचा अहवाल वाचायला घेतला, तेव्हा माझ्या त्या रकान्याची मला पहिल्यांदा लाज वाटली. हा लेख त्या वाचनाविषयी आहे, आणि त्या अहवालाकडे, तसेच एकूणच आर्थिक संकटातल्या कर्जाकडे बघण्याच्या आपल्या सवयीविषयी तक्रारवजा टीका आहे.

आधी अलीकडचा एक वाद सांगतो, कारण त्याने मला अहवाल वाचायचे डोळे दिले. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स बुडाली. अमेरिकेत बँकांनी कर्ज देणे थांबवले आहे अशी ओरड झाली. ऑक्टोबर महिन्यातच चारी, क्रिस्टियानो आणि किहो या तीन अर्थतज्ज्ञांनी एक टिपण काढले आणि म्हटले, आकडे तर तसे सांगत नाहीत. बँकांनी उद्योगांना आणि माणसांना दिलेल्या कर्जाची एकूण बाकी घटलेली नाही. मग आटले काय? टिपण गाजले, कारण ते धाडसी होते आणि आकडे खरे होते.

त्याला उत्तर दिले व्हिक्टोरिया इवाशिना आणि डेव्हिड शार्फस्टाइन यांनी. त्यांचा निबंध २०१० साली छापून आला. त्यांनी बाकीकडे पाहिलेच नाही. नव्याने दिलेल्या कर्जाकडे पाहिले. मोठ्या कर्जदारांना दिलेली नवी कर्जे २००८ च्या शेवटच्या तिमाहीत आधीच्या तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी घसरली होती, आणि २००७ च्या मध्यावर भरभराट शिगेला होती त्या तिमाहीशी तुलना केली तर ७९ टक्क्यांनी. मग बाकी का घटली नाही? कारण कंपन्यांकडे आधी मंजूर होऊन पडलेल्या कर्जमर्यादा होत्या. बँक उद्या दार लावील या भीतीने त्यांनी त्या मर्यादेतून भराभर उचल केली. काहींनी तर गरज नसताना पैसे काढून दुसरीकडे ठेवले. वाण्याचे दुकान बंद होणार अशी कुणकुण लागली की गावात उधारीवर आधी पोते उचलतात, तसेच हे. वहीतली उधारी वाढलेली दिसते, आणि त्याच आठवड्यात नव्या गिऱ्हाइकाला दुकानदार हात हलवून परत पाठवत असतो.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्या बँकांनी सारखा हात आखडला नाही. ज्यांच्याकडे ठेवीदारांचा पैसा भरपूर होता त्यांनी कमी आखडला. ज्या बाजारातून रोजच्या रोज उसने घेऊन चालत होत्या, किंवा लेहमनबरोबर भागीदारीत कर्जे देऊन बसल्या होत्या आणि ज्यांच्याकडून आता जास्तीची उचल होण्याची भीती होती, त्यांनी जास्त. कर्ज मागणाऱ्याची पत तीच होती, देणाऱ्याची मागची बाजू ढासळली होती. कर्ज नाकारले जाते तेव्हा कारण नेहमी मागणाऱ्यात शोधायचे असते, असे आम्हाला बँकेत शिकवले होते. नकारपत्राचा मजकूर तसाच असे.

आता अहवालाकडे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि खते, वह्या, कर्जरोखे काढून जाळले. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारांवर बहिष्कार पडलाच होता. माणसांना इजा फारशी झाली नाही. जिथे सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली, तिथे जमाव कागद फाडून वा जाळून निघून गेला. सरकारने आयोग नेमला, १८७६ मध्ये अहवाल आला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. एवढे शाळेच्या पुस्तकात असते.

शाळेच्या पुस्तकात नसते ती साखळी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. निर्यात करणाऱ्या पेढ्यांनी शहरातल्या सावकारांना पैसा दिला, शहरातल्यांनी तालुक्याच्या, तालुक्याच्यांनी खेड्यातल्या. दख्खनच्या काही गावांत कापूस पेरणाऱ्याला एकरी १०० रुपयांची उचल मिळू लागली. त्याच काळात मुंबई-पुणे रेल्वेचे काम चालू होते. १८६३ मध्ये पूर्ण झालेला तो भोर घाट आमच्या भोरपासून बराच लांब खंडाळ्याला आहे, नाव मात्र आमचे. त्या कामावर मजूर आणि गाडीवान यांच्या हाती रोकड आली. पैसा वाहत होता, आणि वाहत्या पैशात सगळ्यांचीच पत चांगली दिसते.

मुंबईत हा पैसा शेअरबाजारात शिरला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचे भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी पट गेले. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० ची, सरकारचे भांडवल असलेली प्रतिष्ठित बँक; १८६३ च्या कायद्याने तिचे हात मोकळे झाले आणि शेअरांच्या तारणावर तिने बेफाम कर्जे दिली. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळाशी कायमचे जोडले गेले आहे, ते काही उगीच नाही. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबईची निम्मी श्रीमंती कागदाची निघाली. बँकेने भांडवल जवळपास सगळे घालवले आणि १८६८ मध्ये ती मिटवून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. तीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि इंपीरियल १९५५ मध्ये स्टेट बँकेत गेली. म्हणजे आज आपण ज्या काउंटरपुढे उभे राहतो त्याच्या वंशावळीत ही बुडीत आजी आहे.

मुंबईतली बँक बुडाली १८६८ मध्ये. सुप्याला आग लागली १८७५ मध्ये. सात वर्षांचे अंतर मला बराच काळ छळत होते. दंगे कापसाच्या पडझडीने झाले असे सरळ म्हणणाऱ्यांना हे अंतर अडचणीचे आहे, आणि शिवाय सुपे-इंदापूरचा पट्टा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, कापसाचा नव्हे. उत्तर मला १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात सापडले. त्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता: व्याजाचा डोंगर होऊ नये. सावकाराने त्यावर तोडगा काढला. तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवायचे, जुने मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करायचे, त्या रकमेचे नवे खत लिहून घ्यायचे. नवे खत, नवे मुद्दल, नवी तीन वर्षे. पैसा मात्र एक दिडकीही नवा नाही.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. नवं-जुनं!

मुंबईचा पैसा आटला तशी साखळीतली प्रत्येक कडी मागच्या कडीकडून ओढली जाऊ लागली, पण खेड्यातल्या वहीत ते लगेच दिसले नाही, कारण खते नव्याने लिहिली जात होती आणि रकमा वाढत होत्या. १८६५ नंतर एक फेरा, मग दुसरा, मग तिसरा. बाकी फुगत गेली. वहीवर विसंबून कोणी अभ्यासक म्हणाला असता, कर्ज कुठे आटले आहे, वाढतेच आहे की! दरम्यान नवी उचल, म्हणजे पेरणीला, बैलाला, साऱ्याला लागणारी रोकड, कमी कमी होत गेली. १८७० नंतर ज्वारी-बाजरीचे भाव उतरले. त्याच सुमारास सरकारने जमिनीची फेरमोजणी करून सारा वाढवला, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के. आणि १८७४-७५ च्या हंगामात अनेक सावकारांनी कुळाचा सारा भरायला पैसे देणेच थांबवले. दंगा या क्षणी झाला.

म्हणून मी म्हणतो की खते जाळणाऱ्यांचा राग कर्ज दिल्याचा नव्हता. सावकाराशी त्यांचे पिढ्यांचे नाते होते, त्यात लबाडी होती, तरी व्यवहाराचा एक अलिखित करार होता: पीक तुझ्या दारात घालीन, सारा तू भरशील, लग्नाला आणि दुष्काळाला नड काढशील. १८७५ पर्यंत करारातली सावकाराची बाजू संपली होती आणि कुळाची बाजू स्टँपाच्या कागदावर उरली होती. देणे बंद, येणे चालू. उरलेला कागद त्यांनी जाळला.

आयोगाच्या अहवालात यातली जवळजवळ सर्व माहिती आहे. सावकारांनी हात आखडल्याच्या नोंदी आहेत, नव्या खताची रीत आहे, भावांची घसरण आहे. तरीही अहवालाचा कल शेवटी माणसांच्या स्वभावाकडे वळतो: कुणबी उधळा आणि निरक्षर, बाहेरून आलेला मारवाडी-गुजर लोभी. एका सदस्याने, ऑकलंड कॉल्विन यांनी, स्वतंत्र टिपण लिहून सारावाढीकडे बोट दाखवले. त्यांना कर्ज हा मूळ रोग वाटत नव्हता. पण पैशाची साखळी, मुंबईच्या हुंडीपासून सुप्याच्या दुकानापर्यंतची, कोणी सलग वाचली नाही. १८६५ ची मुंबई एका चौकशीच्या कपाटात, १८७५ ची सुपे दुसऱ्या.

पुढच्या इतिहासकारांनीही हे कपाट क्वचितच उघडले. रवींदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात खेड्यातल्या सामाजिक नात्यांचा तुटलेला तोल दाखवला, तो मला पटतो. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये दंग्यांची मिथ्यकथाच झाली आहे असा निबंध लिहिला: गावे थोडी, हिंसा किरकोळ, आणि नंतरच्या कायद्याने जे महत्त्व दिले ते घटनेला मुळात नव्हते. गावांचा हिशेब त्यांचा बरोबर आहे. पण ही मोजदाद पुन्हा बाकी मोजण्यासारखी आहे. किती खते जळली हे मोजता येते; किती माणसे त्या पावसाळ्यात सावकाराच्या ओट्यावरून रिकाम्या हाताने परत गेली, त्याची वही कोणी ठेवली नव्हती. नाकारलेल्या कर्जाची नोंद होत नाही. मी एकतीस वर्षांत अशा किती अर्जांवर ‘सध्या विचार करता येत नाही’ असे लिहिले ते मला आठवत नाही, आणि कुठल्याही तक्त्यात ते नाही.

साहित्याची गोष्ट याहून वेगळी नाही. मराठी कथेतला सावकार आपण सगळे ओळखतो. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, त्यात तरुण व्ही. शांताराम शेतकरी झाले होते. १९३६ मध्ये पेंटरांनी तो बोलपटात पुन्हा केला. बनावट कागद, गेलेली जमीन, शहराची वाट, गिरणी. चित्र खरे आहे आणि त्या काळाच्या मानाने विलक्षण धीट आहे. पण त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या शेकडो कथांनी आपल्या मनात एकच प्रसंग पक्का केला: अंगठा उठवण्याचा. दुसरा प्रसंग, जिथे माणूस अंगठा उठवायला तयार आहे आणि समोरचा वही उघडतच नाही, तो आपल्या कथेत फार थोडा येतो. त्यात खलनायक दिसत नाही हे त्याचे कारण असावे. सावकारालाही वरून कोणी नाही म्हटलेले असते. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, जो १८८३ चा आहे, रोख कचेरी, कोर्ट आणि कारकून यांच्याकडे आहे, म्हणजे एका माणसाच्या लोभापेक्षा व्यवस्थेकडे, या बाबतीत ते पुस्तक त्याच्या नंतरच्या बऱ्याच कथालेखकांपेक्षा पुढे होते असे माझे मत आहे.

एक प्रश्न मला घरचा म्हणून पडतो. दंग्याच्या नकाशात आमचा मावळ का नाही? सुपे, इंदापूर, शिरूर हा सगळा पूर्वेचा कोरडवाहू पट्टा. सह्याद्रीच्या कुशीतला पश्चिम भाग शांत राहिला. संस्थानाचा कारभार वेगळा होता, हे एक. पण मला वाटते मुख्य कारण असे की डोंगरातल्या भात-नाचणीवर एकरी १०० रुपये उचल द्यायला कोणी आलेच नव्हते. जिथे भरती चढली नाही तिथे ओहोटीचा खळखळाट कसला? आमच्याकडचे कर्ज धान्याचे, खंडीने घ्यायचे आणि सवाई-दिढीने परत करायचे. मुंबईच्या बाजाराशी त्याचा धागा इतका बारीक होता की तिकडचा हिसका इकडे पोचलाच नसावा. गरिबीने वाचवले, असे म्हणायचे असेल तर म्हणावे.

१८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन पहिला व्यवहार काय होता ते तपासण्याचा अधिकार दिला. नवं-जुनं उलगडण्याचा हा कायदेशीर हक्क होता, आणि माझ्या मते आपल्याकडच्या कर्जविषयक कायद्यांत इतका चतुर विचार पुन्हा क्वचितच झाला. पण सावकाराने खत सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, किंवा देणेच नको म्हटले. कायदा जुन्या कर्जाकडे बघत होता, नव्याची सोय त्यात नव्हती. ती सोय करायचा प्रयत्न झाला तो आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी तिथे शेतकी बँकेची योजना आखली, पुण्याच्या धनिकांचा पैसा घालायचा, सरकारने जुनी कर्जे मिटवायला हातभार लावायचा. रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली आणि लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती नाकारली. पुरंदरच्या त्या न निघालेल्या बँकेवर कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवे.

त्यानंतरची सत्तर वर्षे मी एका आकड्यात संपवतो. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने, जिच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते, १९५१-५२ सालासाठी मोजले तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के निघाला. सहकाराचा ३.१. बाकी बहुतेक सारे सावकार. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यातून ठेवविम्याचे महामंडळ आले. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा खेड्यात आल्या. ठेवीदाराला संकटापासून वाचवण्याची व्यवस्था तेव्हापासून बरीच सुधारली. कर्ज मागणाऱ्याला संकटात काय होते, याची तशी व्यवस्था कोणी केली नाही.

२००८ च्या शेवटी भारतात जे झाले त्याचा मी साक्षीदार आहे. खासगी बँकांतून ठेवी निघून सरकारी बँकांत, विशेषतः स्टेट बँकेत, येत होत्या. खासगी आणि परदेशी बँकांनी हात आखडला, सरकारी बँका देत राहिल्या. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला, रोख राखीव प्रमाण ९ वरून ५ वर. त्यावरून ‘सरकारी बँकांनी देश तारला’ असे वाक्य रूढ झाले. ते अर्धे खरे आहे. कारण त्याच वेळी अडचणीतल्या कर्जांची पुनर्रचना करायला खास सवलत दिली गेली होती: हप्ते पुढे ढकला, थकलेल्या व्याजाचे नवे कर्ज करा, आणि खाते चांगलेच समजा. मोठ्या माणसांचे नवं-जुनं.

मार्च २००९ मध्ये माझ्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन कागद आले. एक मोठा कर्जदार. त्याची मर्यादा वाढवायची होती, आणि वाढीव रक्कम त्याच्याच थकलेल्या व्याजात जमा व्हायची होती. दुसरा एक छोटा कारखानदार, पंचवीस कामगारांचा, खाते स्वच्छ. त्याला नव्या ऑर्डरसाठी खेळते भांडवल हवे होते. पहिला मंजूर झाला, कारण नाही म्हटले असते तर जुने सगळेच अनुत्पादक ठरले असते. दुसऱ्याला मी उन्हाळा जाऊ द्या असे सांगितले. माझ्या तक्त्यात त्या वर्षी ‘नवीन कर्जवाटप’ वाढलेले दिसते. ती वाढ पहिल्या कागदाची आहे. दुसऱ्याने जूनमध्ये यंत्रे विकली. वर कोणी मला असे कर म्हणून लेखी दिलेले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

फुगवटा उघडा पडायला आणखी सहा-सात वर्षे लागली. हे अंतर बघा: १८६८ ते १८७५, २००८ ते २०१५. पुनर्रचनेची सवलत एप्रिल २०१५ पासून बंद झाली, रघुराम राजन यांच्या काळात बँकांच्या मालमत्तेची तपासणी झाली आणि मार्च २०१८ पर्यंत थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले. मग खरी ओहोटी आली. अनेक सरकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेने सुधारणेची बंधने घातली. आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ ते जानेवारी २०१९ या बंधनांखाली होती. अशी बंधने बँक वाचवण्यासाठी असतात आणि त्या बँकेला त्यांचा उपयोगही झाला. मात्र बंधनातल्या बँकेच्या दारात उभ्या असलेल्या नव्या कर्जदाराच्या दृष्टीने संकट २००८ मध्ये आलेच नव्हते. ते २०१७ मध्ये आले, जेव्हा वर्तमानपत्रांत संकट संपून जमाना झाला होता.

मग संकटात कर्ज वाढते की आटते, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझ्या वाचनातून आणि नोकरीतून दिसते ते असे: आधी बाकी वाढते, कारण ज्यांच्या हातात दोर आहे ते तो ओढून घेतात आणि जुने कर्ज स्वतःचे व्याज खाऊन फुगते. नवे देणे त्याच दिवशी थांबते. बाकी नंतर कधीतरी घटते, तेव्हा आपण संकट आले म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या पंधरवड्याच्या आकड्यात बाकी असते. नव्याने प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम, नूतनीकरण आणि व्याजाची भर वगळून, वेगळी दाखवणारा रकाना बँकांनी ठेवावा एवढी साधी मागणी आहे. तो भरणे अवघड नाही. मला विचारा, मी त्याच्या शेजारचा रकाना भरत होतो.

२०२० साल आमच्या घरात कसे गेले ते सांगून थांबतो. माझा चुलतभाऊ वक्तशीर माणूस. मार्चच्या मध्यावर त्याने नसरापूरच्या ओळखीच्या माणसाकडून दोन दिवसांच्या बोलीने पैसे आणले आणि सोसायटीचे कर्ज पूर्ण फेडले. २५ मार्चला टाळेबंदी लागली. मंजुरीची बैठक होईना, कचेरीत माणूस येईना. दोन दिवसांच्या व्याजाचे दोन महिने झाले. इकडे सरकारने पीककर्ज फेडीची मुदत आधी ३१ मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, सवलत कायम ठेवून. ज्यांनी मार्चमध्ये फेडले नव्हते ते निवांत होते. जिल्ह्याच्या हिशेबात त्यांची बाकी दिसत होती, म्हणजे कर्ज चालू होते. माझ्या भावाची बाकी शून्य होती.

‘दादा, तू बँकेत होतास ना, मी काय चुकलो सांग,’ असे त्याने फोनवर विचारले. मी मुदतवाढीचा नियम समजावून सांगायला लागलो, तर तो म्हणाला, ‘राहू दे.’

नवे कर्ज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले. तोवर रोहिणीत रोपवाटिका टाकून झाली होती. बियाणे आणि खताची पोती त्याने वेल्ह्यातल्या दुकानातून उधारीवर आणली होती. दुकानदाराने काही लिहून घेतले नाही, वहीत नाव आणि रक्कम टाकली, आणि भात झोडपल्यावर दे म्हणाला.